अर्नाळा ते वसई किनारा (पदभ्रमण व प्रवासमार्ग)

अर्नाळा ते वसई किनारा हा महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्याचा पश्चिम किनारा होय. उत्तरेस वैतरणा नदीचे मुख आणि दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाशी असलेली वसईची खाडी या त्याच्या नैसर्गिक सीमा आहेत. अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंतचे सरळ रेषेतील अंतर सुमारे १५ किमी आहे. हा किनारा पायी चालणाऱ्यांसाठी अधिकृतपणे आखलेला मार्ग नाही. मात्र मोठी खाडी न ओलांडता एका दिवसात पार करता येण्याजोगा असल्यामुळे दीर्घ किनारी पदभ्रमणाचा एक टप्पा म्हणून तो सोयीचा आहे. लोहमार्ग किनाऱ्यापासून दूर असल्याने आरंभस्थानी पोहोचण्याचे नियोजन गाडीच्या वेळेइतकेच भरती-ओहोटीच्या वेळेवर अवलंबून असते.

भौगोलिक रचना

उत्तरेकडून दक्षिणेकडे अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव, वसईगावाचा सुरुची बाग परिसर, पाचूबंदर आणि किल्लाबंदर अशी किनाऱ्यावरील ठिकाणे येतात. वाळूच्या पट्ट्यामागे अनेक ठिकाणी सुरूची झाडे आणि त्यांच्या पलीकडे नारळ, केळी व फुलांच्या वाड्या आहेत. अर्नाळा, पाचूबंदर व किल्लाबंदर ही मासेमारीची प्रमुख गावे असून तेथे किनाऱ्यावर होड्या, जाळी आणि मासळी सुकवण्याच्या जागा आढळतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लोहमार्ग येण्यापूर्वी या प्रदेशात येण्याचा मुख्य मार्ग जलमार्ग होता. सोपारा (आजचे नालासोपारा) हे प्राचीन भारतातील महत्त्वाचे बंदर होते. येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव येथे मिळाला. पूर्वी सोपाऱ्याच्या खाडीमुळे वसईचा हा भाग मुख्य भूमीपासून वेगळा असलेले बेटच मानला जाई. पुढे ही खाडी गाळाने भरत गेली.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. मराठ्यांनी १७३७ मध्ये अर्नाळा घेतला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली वसईचा किल्ला जिंकला. किनाऱ्याची दोन्ही टोके किल्ल्यांनी राखलेली असणे, हे खाडीमुखांतून होणाऱ्या ये-जा व व्यापारावरील नियंत्रणाचे द्योतक आहे.

१८६४ मध्ये मुंबई, बडोदे आणि मध्य भारत रेल्वेचा मार्ग मुंबईतील ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि प्रवासाची दिशा बदलली. हा मार्ग जुन्या गावांच्या पूर्वेकडून गेल्यामुळे एकेकाळी प्रवेशद्वार असलेला किनारा स्थानकापासून सर्वांत दूरचा भाग ठरला. ‘वसई रोड’ या स्थानकाच्या नावातील ‘रोड’ हा शब्द हेच सूचित करतो: मूळ गाव स्थानकालगत नसून तेथून रस्त्याने पुढे जावे लागते.

रेल्वेने प्रवास

पश्चिम रेल्वेच्या उपनगरीय मार्गावरील वसई रोड, नालासोपारा आणि विरार ही तीन स्थानके या किनाऱ्यास उपयुक्त आहेत. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किमी असून प्रवासास साधारण दीड तास लागतो. विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरीय गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. डहाणूकडून येणाऱ्यांसाठी २०१३ पासून उपनगरीय सेवा उपलब्ध आहे. मध्य रेल्वेवरील दिव्याहून वसई रोडला येणारा स्वतंत्र लोहमार्ग आहे. सकाळी गर्दीचा मुख्य ओघ मुंबईच्या दिशेने असल्याने विरारकडे जाणाऱ्या गाड्यांत तुलनेने कमी गर्दी असते.

स्थानकापासून किनाऱ्यापर्यंत

किनाऱ्यावरील गावे स्थानकांच्या पश्चिमेस आहेत. विरार पश्चिमेहून आगाशीमार्गे अर्नाळ्यास एसटी व महानगरपालिकेच्या बस तसेच रिक्षा जातात. वाटेतील आगाशी हे गाव केळी सुकवून तयार केलेल्या सुकेळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. कळंब व राजोडीसाठी नालासोपारा, तर वसईगाव, पाचूबंदर आणि किल्ल्यासाठी वसई रोड हे स्थानक जवळचे आहे. आरंभ व शेवट वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने खाजगी वाहनापेक्षा रेल्वे अधिक सोयीची ठरते. अन्यथा वाहन घेण्यासाठी पुन्हा पहिल्या टोकास परतावे लागते.

जलमार्ग

अर्नाळ्याचा किल्ला किनाऱ्यासमोरील बेटावर असून तेथे लोकवस्ती आहे. बेटावर होडीने जावे लागते आणि ओहोटीच्या वेळी होडीपर्यंत पाण्यातून चालावे लागू शकते. वसईच्या खाडीवर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या माध्यमातून २०२४ मध्ये वसई–भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. तिच्यामुळे दक्षिणेकडील भाईंदर–उत्तन किनाऱ्याकडे लोहमार्गाचा वळसा न घेता जाता येते. वैतरणेच्या मुखाजवळ विरारचे नारिंगी आणि सफाळे परिसरातील जलसार यांना जोडणारी अशीच सेवा २०२५ मध्ये सुरू झाली. पावसाळ्यात अशा सेवांच्या वेळा बदलू शकतात.

भरती-ओहोटी आणि निघण्याची वेळ

भरतीच्या वेळी काही ठिकाणी वाळूचा पट्टा अरुंद होतो आणि लहान खाड्या व नाल्यांची मुखे ओलांडणे धोक्याचे ठरते. म्हणून ओहोटीच्या सुमारे दोन तास आधी चालण्यास आरंभ करणे इष्ट असते.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची पारंपरिक रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. तिथीच्या अंकास पाऊणने गुणल्यास पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पूर्ण ओहोटी त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी येते. ही रीत शुक्ल व कृष्ण या दोन्ही पक्षांत लागू पडते. चतुर्थीस भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी सव्वानऊच्या आसपास असते. त्या दिवशी सात वाजता अर्नाळ्याहून निघण्यासाठी पहाटे पाचच्या सुमारास चर्चगेट सोडावे लागते. अष्टमीस ओहोटी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास येत असल्याने सकाळी आठच्या आधीची गाडीही पुरते. पौर्णिमा व अमावास्येस भर दुपारी भरती असते आणि उधाणामुळे पाणी अधिक चढते. म्हणून हे दिवस दिवसभराच्या चालीसाठी गैरसोयीचे असतात. अष्टमीच्या आसपास येणाऱ्या भांगाच्या काळात भरती-ओहोटीतील फरक कमी असतो. ही रीत केवळ अंदाजासाठी असून प्रत्यक्ष वेळ भरती-ओहोटीच्या अधिकृत तक्त्यावरून निश्चित करणे आवश्यक असते.

पर्यायी मार्ग

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना किंवा ओहोटीची वेळ चुकल्यास किनारा सोडून गावांतील रस्ता धरता येतो. नंदाखाल, वाघोली, निर्मळ आणि गास या गावांच्या परिसरातून जाणारे रस्ते वसईकडे पोहोचतात. वाटेत बससेवा उपलब्ध असल्याने प्रवास मध्येच थांबवून नालासोपारा किंवा वसई रोड स्थानक गाठता येते.