टोपलीतले मूल

कॅथरीन पॅटर्सन (जन्म १९३२) ह्या अमेरिकन लेखिकेची ‘जेकब हॅव आय लव्ह्ड’ ही कादंबरी १९८० साली प्रसिद्ध झाली व पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळाले. ती कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली आहे. पण तेवढ्यावरून समीक्षेच्या पंगतीत तिला मागे बसविण्याचे कारण नाही. उपेक्षा हा तिचा विषय. उपेक्षेच्या कथेत सामान्यतः एक अपराधी असतो: सावत्र आई, व्यसनी बाप, निष्ठुर शिक्षक. येथे तसा कोणी नाही, आणि ह्यातच तिचे बळ आहे.

चेसापीक उपसागरातील रास ह्या कल्पित बेटावर, खेकडे आणि कालवे काढून जगणाऱ्या एका कुटुंबात, लुईझ व कॅरोलाइन ह्या जुळ्या बहिणी जन्मल्या. लुईझ आधी आली, सुदृढ आली. कॅरोलाइन काही मिनिटांनी आली ती मरणाच्या दारातून. साहजिकच घरादाराचा जीव तिच्याभोवती गोळा झाला. ही जन्मकथा घरात वारंवार सांगितली जाते. ‘तेव्हा मी कोठे होते?’ असे लुईझ विचारते, तेव्हा तिला न्हाऊ घालून टोपलीत ठेवले होते एवढेच उत्तर मिळते. आणि ज्या आजीने तिला ठेवले, तिला तर तेही आठवत नाही. पुढील सारे दुःख ह्या टोपलीत साठलेले आहे.

निवेदन लुईझचे स्वतःचे आहे. वाचक तिच्याच डोळ्यांनी पाहतो, आणि तरीही तिला न दिसलेले त्याला दिसते. ही किमया साधी नव्हे. धाकटीच्या गाण्याच्या शिकवणीचा भार घर सोसते आणि लुईझ खेकडे पकडून घरखर्चाला हातभार लावते, हा हिशेब ती चोख मांडते. परंतु वडील तिला आपल्या होडीवर कामाला घेतात, कालवे काढताना त्या कालवांना गाणी ऐकवतात. त्या दिवसांतील समाधान ती सांगून जाते, पण हिशेबात धरीत नाही. उपेक्षित माणूस स्वतःही इतरांची उपेक्षा करीत असतो, हे लेखिकेने कोठेही न उच्चारता दाखविले आहे.

कादंबरीचे नाव बायबलातील आहे. याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ. त्यांपैकी धाकट्यावरील प्रीती व थोरल्याचा द्वेष सांगणारे मलाखीचे वचन ‘रोमकरांस पत्रा’च्या नवव्या अध्यायात पुन्हा आले आहे. आजी ते लुईझच्या कानात विखारासारखे ओतते. मुलगी ग्रंथ उघडते आणि हे बोलणारा प्रत्यक्ष देवच आहे, असे तिला आढळते. मराठी वाचकाने हा प्रसंग ‘दैव’ ह्या शब्दाने समजून घेऊ नये. दैवात कोणाची आवडनिवड अध्याहृत नसते. लुईझचा देव मात्र निवड करणारा आहे. म्हणून तिचे प्रार्थना सोडणे हे बालिश रुसणे नसून एका नात्याचा अंत ठरते.

शेवटची प्रकरणे घाईची आहेत, हे मान्य केले पाहिजे. बेट सोडणे, सुइणीचे शिक्षण, अ‍ॅपलाचियन डोंगरातील खेडे, तीन मुलांच्या विधुर बापाशी विवाह ही सर्व वर्षे थोड्या पानांत उरकली आहेत. त्याआधीचा आईशी झालेला संवाद तेवढा सावकाश लिहिला आहे. कॅरोलाइनइतकीच माझी आठवण येईल का, असे लुईझ विचारते. अधिक येईल, असे आई सांगते. तेवढ्या एका उत्तराने तिचा पाय मोकळा होतो.

मग त्या खेड्यात हिवाळ्यात एक बाई जुळ्यांना जन्म देते. पहिला मुलगा धडधाकट. दुसरी मुलगी क्षीण, गारठलेली. लुईझ आपले सर्व कसब त्या मुलीवर वेचते आणि दुसरे मूल साफ विसरते. एकाएकी भानावर येऊन ती विचारते, तो कोठे आहे? टोपलीत झोपला आहे, असे उत्तर येते. त्याला उचलून घ्या, जमेल तितका वेळ जवळ धरा, असे ती बजावते. आणि नुकतीच आई झालेली ती, त्या क्षीण मुलीला स्वतःच्या अंगावर पाजते.