टीएमसीत मोजलेली नदी

जलप्रदूषणाला आळा घालणारा केंद्रीय कायदा 1974 च्या मार्चमध्ये अमलात आला आणि त्याला 50 वर्षे पूर्ण होत असतानाच, 2024 च्या फेब्रुवारीत, संसदेने त्याची उरलीसुरली धार काढून घेतली: नदीनाल्यांत घातक द्रव्ये सोडणाऱ्यासाठी असलेली दीड ते सहा वर्षांची कैद रद्द झाली आणि तिच्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आला. पाणी हा राज्यसूचीतील विषय असल्याने ही दुरुस्ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरती होती व इतर राज्यांनी ती ठरावाने स्वीकारायची होती; तरीही वारे कोणत्या दिशेने वाहते आहे, हे कृष्णाकाठाला समजण्यास एवढे पुरेसे होते. कारण महाबळेश्वरातून निघून वाई, कराड, सांगली असा प्रवास करत कर्नाटकात शिरणाऱ्या या नदीच्या बाबतीत कायद्याचा धाक तसाही जेमतेमच होता.

आरंभीच्या दशकांबद्दल फार लिहावे असे काही नाही. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, 1969 मध्येच, स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला, 1970 च्या सप्टेंबरात प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले आणि केंद्रीय कायदा 1981 मध्ये स्वीकारला. पुढे राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत कराड व सांगली ही गावे आली आणि फायली पुण्या-मुंबईकडे जात-येत राहिल्या. या कंटाळवाण्या काळातील दोन गोष्टी मात्र नोंदवण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे 1956 चा नदी मंडळ कायदा, ज्यात आंतरराज्य नदीचे प्रदूषण रोखण्यासाठी सल्ला देणे हे मंडळाचे एक काम म्हणून स्पष्ट लिहिलेले आहे. मात्र या कायद्याखाली देशात आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाचा अंतिम निवाडा 31 मे 1976 रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्र प्रदेशाला 800 टीएमसी पाणी मिळाले (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 2,832 कोटी लिटर), आणि हे आकडे कृष्णाकाठच्या प्रत्येक पुढाऱ्याला पाठ आहेत. त्याच निवाड्यातील वापर मोजण्याचा नियम मात्र सहसा कोणी वाचत नाही. घरगुती व नागरी कामासाठी नदीतून उचललेल्या पाण्यापैकी 20 टक्के आणि उद्योगांसाठी उचललेल्या पाण्यापैकी अवघे अडीच टक्के पाणी खर्ची पडले असे धरावे, असा तो नियम आहे. म्हणजे शहराने उचललेले 80 टक्के आणि कारखान्याने उचललेले साडेसत्त्याण्णव टक्के पाणी नदीला परत मिळते, असे गृहीत धरलेले आहे. ते परत येताना काय बनून येते, याची विचारपूस त्या हिशेबात नाही. गटाराचे पाणी जमेच्या बाजूला टाकणारी ही खतावणी तीन राज्यांनी 50 वर्षे निमूटपणे मान्य केली आहे.

ज्या दशकात या चुकीची किंमत उघडी पडली ते 2009 ते 2019 हे दशक, आणि त्याचा आरंभ आशेने झाला होता. कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेच्या काठचे, कराडला लागून असलेले मलकापूर हे सुमारे 30 हजार वस्तीचे गाव तेव्हा ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत आले होते, आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने तेथे चोवीस तास पाणी देणारी योजना उभी केली. घरोघरी मीटर बसले, त्यांचे वाचन रेडिओलहरींवर होऊ लागले, जास्त वापराला चढा दर लागला, आणि नळाला सतत दाब राहिल्यामुळे, रिकाम्या नळीत बाहेरची घाण शोषली जाण्याचा जो धोका दिवसाआड पाणी देणाऱ्या गावांत कायम असतो, तोही टळला. देशभरातून माणसे ही योजना पाहायला आली, आणि ते कौतुक रास्तच होते. मात्र त्या पाहुण्यांपैकी किती जणांनी नदीतून पाणी उचलणाऱ्या जॅकवेलपाशी उभे राहून वरच्या अंगाला पाहिले असेल, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. कोयना धरणातील 67.5 टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवण्याची मुभा लवादाने दिलेली आहे. खाली नदीला उन्हाळ्यात जे मिळते ते धरणाच्या पायथ्याच्या विसर्गावर अवलंबून असते, आणि प्रवाह घटला की त्याच घाणीची तीव्रता वाढते. वाटप आणि गुणवत्ता हे दोन वेगळे विषय नाहीत, हे मलकापूरच्या जॅकवेलइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसेल.

गावात पाणी लिटरने आणि क्षणाक्षणाला मोजले जात असताना नदीची तपासणी मात्र वेगळ्याच गतीने चालली. प्रदूषण नियंत्रण मंडळाची नमुना-स्थाने धोम, क्षेत्र माहुली, कराडचा कृष्णा पूल, सांगलीचा माईघाट, कुरुंदवाड आणि अखेरचा राजापूर बंधारा अशी ओळीने आहेत, आणि नमुना साधारणतः महिन्याला एक. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात, हे सांगणारी बीओडी चाचणी भारतात 27 अंश तापमानाला तीन दिवस चालते, आणि स्नानयोग्य पाण्यात हा आकडा लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. आकडा हाती येईपर्यंत ते पाणी राजापूरचा बंधारा ओलांडून परराज्यात गेलेले असते. एरवी ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोताला जलसुरक्षकाने नेलेल्या नमुन्यांवरून व पाहणीवरून लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते आणि लाल कार्डाची लाज सरपंचाला वाटते. नदीला असे कार्ड देणारे कोणी नाही, आणि लाज वाटायला तिला सरपंचही नाही.

2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, मृत्यू झाले, आणि कृष्णेला मिळणाऱ्या पंचगंगेच्या प्रदूषणाचे प्रकरण उच्च न्यायालयात गाजले. केंदाळाने झाकलेले डोह, मळीमिश्रित पाणी, बंधाऱ्याचे बरगे काढताच खाली मेलेल्या माशांचा खच, हे चित्र वर्षानुवर्षे तेच राहिले. सांगलीत शेरीनाल्याचे पाणी धुळगावकडे नेऊन शेतीला देण्याची योजना रखडत राहिली. मासे मेल्याची पहिली खबर नेहमी भोई समाजाने दिली, पण त्यांचे जाळे ही सरकारी मोजणी नव्हे. जी माणसे रोज पाण्यात उभी राहत तीच पाण्यापासून दूर झाली, हे या दशकाचे सर्वांत न भरून येणारे नुकसान होय.

या सगळ्या वेळात राज्यांचे भांडण कशावरून होते? न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या लवादाने 2010 च्या डिसेंबरात अहवाल दिला, त्यात महाराष्ट्राच्या वाट्यात नदीच्या किमान प्रवाहासाठी 3 टीएमसी ठेवले, आणि दोन्हीकडच्या सभांत घोषणा राहिल्या त्या कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या 519.60 व 524.256 मीटर उंचीच्या. 2019 च्या उन्हाळ्यात कर्नाटकाला कोयनेचे पाणी द्यावे आणि बदल्यात सांगली जिल्ह्यातील जतला कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे घ्यावे, अशी चर्चा झाली, तीही टीएमसीतच. ऑगस्टमध्ये महापूर आला आणि वाद पुन्हा धरणाच्या उंचीवर गेला. आदल्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मोजलेल्या देशातील 351 प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी सर्वाधिक, 53, एकट्या महाराष्ट्रातील निघाले होते. याउलट युरोपातील ऱ्हाइन नदीवर 1986 च्या नोव्हेंबरात बासेलजवळच्या रसायन-गोदामाला आग लागून मासे मेले, त्यानंतर स्वित्झर्लंड आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग यांनी सरहद्दीवर संयुक्त तपासणी केंद्र उभारले. सार्वभौम राष्ट्रांना जे साधले ते एकाच संघराज्यातील दोन शेजाऱ्यांना साधू नये, याचे समर्थन कोणत्याही पक्षाने अद्याप केलेले नाही, कारण ते कोणी मागितलेलेच नाही.

मार्च 2023 मध्ये सांगली-अंकली परिसरात कृष्णेत पुन्हा मेलेले मासे तरंगले. इचलकरंजीने पंचगंगेचा भरवसा केव्हाच सोडला असून आधी दानोळीजवळून वारणेचे व मग सुळकूडहून दूधगंगेचे पाणी मागितले, आणि दोन्ही ठिकाणच्या गावांनी विरोध केला. प्रदूषणाचा प्रश्न अशा रीतीने तालुक्यातालुक्यांतील पाणीवाटपाचा प्रश्न बनला. उद्या ते पाणी उचलले गेलेच, तर लवादाच्या नियमानुसार त्यातील 80 टक्के नदीला परत मिळाले असे धरले जाईल, आणि ते परत येईल ते पंचगंगेत.