रिमेकची दिल्ली

२०२० च्या जुलैत ‘दिल बेचारा’ घरी बसून पाहिला आणि २०२५ च्या जूनमध्ये ‘सितारे जमीन पर’ नोएडाच्या एका मॉलमधल्या थिएटरात. मधल्या पाच वर्षांत परदेशी चित्रपटांवरून बेतलेले हिंदी चित्रपट मी ठरवून पाहिले. जमेल तेव्हा मूळ चित्रपट आधी आणि रिमेक नंतर, कधी उलट. दिल्ली-एनसीआरमध्ये राहणाऱ्याला याचा एक फायदा असतो. यातल्या काही गोष्टी आपल्याच शहरात घडतात, त्यामुळे लेखकाने गोष्ट इथे आणून खरोखर वसवली आहे की नुसती पाटी बदलली आहे, ते लगेच कळतं. माझं मत आता पक्कं झालं आहे. रिमेक करण्यात कमीपणा काहीच नाही. पण गोष्ट नव्या गावात आणली, तर त्या गावाने तिच्यात ढवळाढवळ केलीच पाहिजे.

‘लाल सिंग चड्ढा’ ऑगस्ट २०२२ मध्ये आला आणि पडला. बहिष्काराच्या गदारोळात चित्रपटाबद्दल नीट बोलणं राहूनच गेलं, आणि त्याची पटकथा आपल्या अतुल कुलकर्णीने लिहिली आहे, हे तर फार थोड्यांच्या लक्षात आलं. अतुल सोलापुरात वाढला, पण नाटक शिकला ते इथे, मंडी हाउसच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात. ‘फॉरेस्ट गम्प’ (१९९४) हा अमेरिकेच्या तीस वर्षांच्या इतिहासातून धावत जाणारा चित्रपट. त्याचं हिंदी रूप त्याने लिहून ठेवलं, आणि पॅरामाउंटकडून हक्क मिळून चित्रपट पडद्यावर यायला दशकाहून अधिक काळ गेला.

बसस्टॉपच्या बाकाची जागा पठाणकोटहून निघालेल्या रेल्वेच्या डब्याने घेतली, चॉकलेटच्या खोक्याची गोलगप्प्यांनी, व्हिएतनामची कारगिलने. हे बदल हुशारीचे आहेत, पण हुशार माणसाला ते सुचतातच. अतुलच्या लेखणीची खरी ताकद १९८४ च्या दिल्लीत दिसते. इंदिरा गांधींची हत्या झाली आहे, रस्त्यावर जमाव शिखांना शोधतो आहे, आणि आई आपल्या लहान मुलाला घेऊन आडोशाला बसली आहे. तिच्या हाताला एक फुटकी काच लागते. त्या काचेने ती लालचे केस कापते. कात्री नाही, वेळ नाही, आणि रडायलाही उसंत नाही. मोना सिंगने हा प्रसंग असा केला आहे की शीख घरातली आई यात मुलाला वाचवताना त्याच्याकडून काय काढून घेते आहे, हे एकही शब्द न बोलता पोचतं. त्या दंगलीत होरपळलेल्या त्रिलोकपुरी किंवा मंगोलपुरीवरून जाताना आजही मला हा प्रसंग आठवतो.

आणि त्याचं देणं चित्रपट पुढे फेडतो. मूळ चित्रपटात फॉरेस्ट धावत सुटतो तेव्हा त्याची वाढलेली दाढी म्हणजे नुसती गंमत होती. इथे धावता धावता लालचे केस वाढतात, दाढी वाढते, आणि बऱ्याच वर्षांनी तो पुन्हा पगडी बांधतो. तेच दृश्य, पण अर्थ सर्वस्वी आपला. रिमेक करावा तो असा.

मग चित्रपट घसरतो कुठे? जिथे तो मूळ चित्रपटाचा हात सोडायला घाबरतो तिथे. मंडल, रथयात्रा, बाबरी, मुंबईचे स्फोट हे सगळं मागून सरकत जातं, आणि आई मुलाला ‘मलेरिया पसरला आहे, खोलीबाहेर पडू नकोस’ असं सांगते. कल्पना सुंदर आहे, पण ती पुन्हा पुन्हा आली की लेखकाला त्या घटनांकडे सरळ बघायचं नाही असं वाटू लागतं. आमिर खानचे विस्फारलेले डोळे आणि हुंकार हीसुद्धा दुसऱ्याकडून उसनी आणलेली चीज वाटते. टॉम हँक्सचा फॉरेस्ट स्थिर होता.

या काळातला सर्वांत बेगावी चित्रपट म्हणजे २०२१ चा ‘द गर्ल ऑन द ट्रेन’. पॉला हॉकिन्सची कादंबरी लंडनची. हॉलिवूडने २०१६ मध्ये ती न्यूयॉर्कला नेली, आणि हिंदीवाल्यांनी पात्रं हिंदी बोलणारी घेऊन ती परत लंडनला पोचवली. रोज त्याच लोकलने जाणारी, खिडकीतून लोकांची घरं बघणारी बाई आपल्याकडे सापडणार नाही का? गाझियाबादहून रोज ईएमयूने दिल्लीला येणाऱ्या बायकांच्या डब्यात तासभर बसलं असतं तर पटकथा मिळाली असती.

हॉलिवूडही रिमेकवरच जगतं, हे आपण विसरतो. ‘द डिपार्टेड’ हाँगकाँगच्या चित्रपटावरून आला आणि ऑस्कर घेऊन गेला. २०२२ मध्ये सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा ‘कोडा’ हा २०१४ च्या एका फ्रेंच चित्रपटाचा रिमेक. मूळचं कुटुंब गुरं पाळणारं होतं, ‘कोडा’तलं मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर मासेमारी करतं. पण मोठा बदल वेगळाच आहे. फ्रेंच चित्रपटात बहिऱ्या आईवडिलांच्या भूमिका ऐकू येणाऱ्या नटांनी केल्या होत्या. ‘कोडा’त त्या बहिऱ्या कलाकारांनी केल्या, आणि वडील झालेल्या ट्रॉय कॉटसुरला ऑस्कर मिळालं. मूळ चित्रपटाची चूक दुरुस्त करणारा रिमेक मी दुसरा पाहिलेला नाही.

म्हणूनच ‘सितारे जमीन पर’कडे माझं लक्ष होतं. हा स्पॅनिश ‘चॅम्पियन्स’चा (२०१८) अवतार. हॉलिवूडने २०२३ मध्ये वुडी हॅरलसनला घेऊन तोच चित्रपट केला होता. दिल्लीतला एक उर्मट बास्केटबॉल प्रशिक्षक दारू पिऊन पोलिसांच्या गाडीवर गाडी घालतो आणि न्यायालय त्याला शिक्षा म्हणून बौद्धिक दिव्यांग खेळाडूंचा संघ तयार करायला लावतं. दहाही खेळाडूंच्या भूमिका तशाच खऱ्या मुलामुलींनी केल्या आहेत. त्यांच्याकडे बघताना हा रिमेक आहे हेच विसरायला होतं. मी गेलो त्या खेळाला अशी मुलं असलेली काही कुटुंबं आली होती, आणि ती मुलं मोठमोठ्याने हसत होती, मध्येच उठून उभी राहत होती. कुणीही त्यांना गप्प बसवलं नाही. एरवी दिल्लीच्या थिएटरात असा समजूतदारपणा क्वचित दिसतो. पण प्रसंगांची बांधणी मूळ चित्रपटाला फार धरून आहे, आणि दिल्ली त्यात बहुतेक वेळ मागेच राहते. अपवाद डॉली अहलुवालियांच्या आईचा. या बाई तोंड उघडतात तिथे पश्चिम दिल्ली उभी राहते.

चाणक्यपुरीचं चाणक्य थिएटर हे एके काळी दिल्लीकरांचं हॉलिवूडचं घर. १९७० मध्ये सुरू झालं, डिसेंबर २००७ मध्ये बंद पडलं, आणि तिथे शेवटचा लागला तो आमिरचाच ‘तारे जमीन पर’. त्या काळी इंग्रजी चित्रपट चाणक्यला आणि त्याची हिंदी नक्कल दुसऱ्या थिएटरात, असं सर्रास चालायचं. ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’वरून ‘अकेले हम अकेले तुम’, ‘अ‍ॅन अफेअर टू रिमेंबर’वरून ‘मन’. हक्क विकत घ्यायची रीतच नव्हती. २०१० च्या सुमारास वारं बदललं. ‘फोन बूथ’वरून केलेल्या ‘नॉक आउट’बद्दल फॉक्स कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी ‘स्टेपमॉम’चा ‘वी आर फॅमिली’ रीतसर हक्क घेऊन आला. लेखकाच्या दृष्टीने हे फार चांगलं झालं. मात्र पैसे मोजून घेतलेल्या गोष्टीला हात लावायला निर्माते बिचकू लागले, असंही मला दिसतं.

माझ्या मताला छेद देणारा एक चित्रपट सांगितलाच पाहिजे. बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चा जवळजवळ प्रसंगागणिक अनुवाद आहे. आपल्याकडे ज्युरी पद्धत तोवर केव्हाच मोडीत निघाली होती, म्हणजे गोष्ट भारतात घडणंच शक्य नाही. तरीही चित्रपट आजही धरून ठेवतो, तो पंकज कपूर, के. के. रैना, एम. के. रैना, अन्नू कपूर या मंडी हाउसमध्ये घडलेल्या नटांमुळे. एका बंद खोलीत इतके तयारीचे नट असले, तर गाव नसलं तरी भागतं. पण असं दुसरं उदाहरण मला देता येत नाही.

उलट उदाहरण मात्र चटकन देता येतं. सई परांजपेंचा ‘चष्मेबद्दूर’ (१९८१) दिल्लीशिवाय होऊच शकत नाही. गच्चीवरच्या खोलीत राहणारे तिघे, त्यांच्यात फिरणारी एकच सिगारेट, लल्लन मियाँची थकलेली उधारी, तालकटोरा बागेतलं आइस्क्रीम, आणि दारात चमको पावडर विकायला आलेली दीप्ती नवल. २०१३ मध्ये डेव्हिड धवनने त्याचा रिमेक केला आणि गोष्ट गोव्याला नेली. दिल्लीत ही मुलं शिकायला आलेली होती, खिशात पैसे नव्हते, म्हणून त्यांच्या थापा गोड वाटत होत्या. गोव्यात त्यांना काही कामच उरलं नाही. ५ एप्रिल २०१३ ला, रिमेकच्याच दिवशी, सईंचा मूळ चित्रपटही नव्या प्रिंटमध्ये पुन्हा लागला. दोन्ही पाहिलेल्याला यापुढे काही समजावून सांगायची गरज नव्हती.

आता प्रवास उलटा सुरू झाला आहे. रांचीहून नवी दिल्लीला येणाऱ्या राजधानीत घडणारा ‘किल’ २०२४ मध्ये आला, आणि ‘जॉन विक’वाल्या चॅड स्टॅहेल्स्कीने त्याचा इंग्रजी रिमेक जाहीर केला. हाणामारी अमेरिकेत आपल्याहून चांगली होईल. पण ‘किल’मधले दरोडेखोर एकमेकांचे काका, भाऊ, पुतणे आहेत. प्रत्येक मुडद्यामागे त्याच डब्यात कुणी तरी हंबरडा फोडतं, आणि तिथेच हा चित्रपट इतर मारधाडपटांपासून वेगळा होतो. ते नातं टाकून दिलं तर हाती नुसती गाडी उरेल.

‘लाल सिंग चड्ढा’ बहिष्काराच्या दिवसांत पाहायचा राहिला असेल, तर तो नेटफ्लिक्सवर आला आहे. निदान पहिला तास तरी बघा, आणि दिल्लीतला तो प्रसंग घरातल्या मोठ्या मुलांसोबत बघा.