विश्लेषण : ऑइल चेंबरमध्ये धातूचा कीस सापडला तर इंजिनचे काय समजायचे?

पुणे-नगर रस्त्यावरील कोरेगाव भीमा ते रांजणगाव या पट्ट्यात कंपन्यांच्या शिफ्टसाठी कामगारांची ने-आण करणाऱ्या गाड्या दिवसरात्र धावतात. यातील अनेक गाड्या कर्जावरच्या. गॅरेजमध्ये ऑइल चेंबर उतरवला आणि तळाच्या काळ्या गाळात काही चमकले, की चालकापुढे प्रश्न उभा राहतो : चेंबर पुसून, नवे ऑइल भरून गाडी उद्याच्या शिफ्टला लावायची, की इंजिन खोलायचे? त्याचे उत्तर बहुतेक वेळा त्या चमकणाऱ्या कणांतच असते. म्हणून ते पुसण्याआधी नीट पाहायला हवेत.

कण चेंबरमध्येच का सापडतात?

चेंबर म्हणजे इंजिनच्या बुडाशी बसवलेली ऑइलची परात. इंजिन बंद केले की ऑइल खाली उतरते आणि जड कण तळाशी बसतात. पंप तिथून जाळीवाटे ऑइल ओढतो, ते फिल्टरमधून गाळून क्रँक, बेअरिंग, टर्बोपर्यंत पोहोचवतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात फट असते साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या एका केसापेक्षाही कमी. नुसत्या डोळ्यांना दिसणारा कण जवळपास या फटीएवढाच असतो. कीस दिसला की गांभीर्याने घ्यायचे ते यासाठी.

अर्थात प्रत्येक चमक म्हणजे संकट नव्हे. ड्रेन नटला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप चढतो; ती नेहमीची झीज आहे. नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनातून पहिल्या ऑइल बदलीला बारीक चकाकी निघतेच. ड्रेन नट वारंवार जास्त आवळला गेला असेल, तर अॅल्युमिनियम चेंबरच्या आट्यांचाही कीस पडतो.

कोणता कण कशाचा?

पहिली परीक्षा चुंबकाची. ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढून पांढऱ्या सुती कापडातून गाळायचे, कण उन्हात किंवा बॅटरीच्या उजेडात पाहायचे आणि खालून चुंबक फिरवायचा. चुंबकाला चिकटले तर लोखंड किंवा पोलाद : रिंग, सिलेंडरची भिंत, कॅम, ऑइल पंप किंवा टायमिंग चेन. शिरूर तालुक्यातल्याच रांजणगावच्या फियाट प्रकल्पात तयार झालेले १२४८ सीसीचे डिझेल इंजिन पुंटोपासून टाटाच्या व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसले. त्यात टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. अशा चेनवाल्या कोणत्याही इंजिनात पोलादी कणांसोबत प्लास्टिकचे तुकडे दिसले, तर चेनच्या गाइडकडे आधी पाहावे.

चुंबकाला न चिकटणारे, हलके पांढरट कण अॅल्युमिनियमचे असू शकतात. त्यात पहिला संशय पिस्टनवर.

सर्वांत महत्त्वाचे असतात ते पातळ, चपटे, चंदेरी पापुद्रे. क्रँकच्या बेअरिंगला पोलादी पाठ असते, त्यावर तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा थर आणि अनेक प्रकारांत सर्वांत वर मऊ धातूचा जेमतेम २० मायक्रॉनचा मुलामा. चंदेरी पापुद्रे म्हणजे हा मुलामा सुटू लागला. मुलामा संपून खालचा तांब्याचा थर झिजू लागला की कणांना पिवळसर-तांबूस झाक येते. तांबूस रंग दिसला तर वेळ फार उरलेला नाही, असे समजावे.

फिल्टरही कापून पाहावा, कारण बराचसा कीस त्याच्या कागदी घड्यांत अडकतो. मात्र हॅक्सॉने कापू नये. करवतीचाच भुसा आत पडतो आणि मग इंजिनचा कोणता, करवतीचा कोणता हे कळत नाही. फिल्टर कापायचे कटर मिळते.

बेअरिंग जाते कशामुळे?

नगर रस्त्यावर कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. वाघोली आणि शिक्रापूरच्या कोंडीत गाडी तासन् तास सुरूच असते. किलोमीटर वाढत नाहीत, ऑइल मात्र वापरले जाते. बीएस-६ डिझेल गाडीत आणखी एक भानगड आहे. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ होण्याची क्रिया कोंडीत वारंवार अर्धवट राहिली, तर जास्तीचे डिझेल ऑइलमध्ये उतरते. गेजवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते आणि चालक खूश होतो. प्रत्यक्षात ऑइल पातळ झालेले असते.

वाघोली परिसरातील खडीची धूळ हे दुसरे कारण. एअर फिल्टर फाटका किंवा नीट न बसलेला असेल, तर ती धूळ रिंग आणि सिलेंडर पॉलिश पेपरसारखी घासते.

तिसरे कारण गतिरोधक आणि खड्डे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंचीचा हवा. गावोगावच्या गतिरोधकांविषयी बोलायलाच नको! चेंबर खालून आपटून चेपला, ऑइल गळत नाही म्हणून चालक निश्चिंत होतो. पण आतली जाळी तळापासून थोड्याच मिलिमीटरवर असते. चेपलेला पत्रा तिला टेकला की पंपाला ऑइल कमी पडते. हाच घात कधी मेकॅनिकच्या हातूनही होतो : चेंबर बसवताना पॅकिंगच्या जागी सढळ हाताने लावलेले सिलिकॉन आतल्या बाजूला सुटते आणि जाळीत जाऊन बसते. चेंबर उतरवला की जाळी धुण्याआधी तिच्यात काय अडकले आहे ते पाहावे.

पुसून नवे ऑइल भरले तर?

काही दिवस गाडी चालेल, कदाचित आवाजही कमी येईल. पण झिजलेल्या बेअरिंगची वाढलेली फट नवे ऑइल भरून काढत नाही. जुना कीस ऑइल कूलरमध्ये, वाहिन्यांत उरतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, त्याला हे कण सोसत नाहीत. ‘पाच मिनिटे सुरू करून आवाज ऐकू’ हा आग्रहही टाळावा. फ्लश टाकणे तर त्याहून वाईट.

खर्चातला खरा फरक इथे पडतो. वेळेत थांबले तर नवी बेअरिंग बसवून भागू शकते. क्रँकवर ओरखडे आले असतील तर ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग घालावे लागते आणि काही इंजिनांना तीही सोय नसते. थेट नवा क्रँक. बेअरिंग फिरले, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकबाहेर आला, तर इंजिनच बदलावे लागते.

मग करायचे काय?

चेंबर उतरलेलाच असतो, तेव्हा बऱ्याच इंजिनांत एक-दोन कनेक्टिंग रॉडच्या कॅप खालून उघडून बेअरिंग पाहता येते. कॅपचे बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर नवे घ्यावेत. बेअरिंग गेलेले निघाले तर ऑइल कूलर, वाहिन्या आणि पंप साफ केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय इंजिन बांधू नये.

डॅशबोर्डवरील लाल ऑइल दिवा पातळी नव्हे, दाब घसरल्याचे सांगतो. तो चालताना लागला तर ‘पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ’ म्हणायचे नाही. इंजिन तिथेच बंद करावे, गाडी टो करावी. चेंबर आपटून फुटला असेल तर विम्याचाही प्रश्न येतो. अपघातानंतर गाडी तशीच चालवल्याने झालेले इंजिनचे नुकसान साध्या मोटार पॉलिसीत सहसा बसत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कवच घ्यावे लागते आणि त्याच्याही अटी असतात. चेंबरचे, कणांचे फोटो काढून कीस एका पिशवीत जपून ठेवावा.

बेअरिंग ठीक निघाले आणि कण फक्त मऊ राखाडी लेपाचे असतील, तर जाळी साफ करून नवे ऑइल व फिल्टर घालावा. हजार किलोमीटरनंतर फिल्टर पुन्हा कापून पाहावा आणि आधीच्या फोटोशी ताडावा.