टेपखाली, रंगाखाली

‘ॲल्युमिनियम गंजत नाही’ असं सायकल विकणारे बिनदिक्कत सांगतात. लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, एवढंच त्यात खरं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे ॲल्युमिनियमवर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. मिठाच्या पाण्याने त्याला बारीक भोकं पडतात. त्यात शेजारी पोलाद किंवा कार्बन फायबर असेल, तर ओलाव्यातून दोघांत वीज खेळू लागते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम.

रत्नागिरीत खारा वारा बारमाही. पाऊस सरल्यावर सायकल घेऊन गेलो, तर मिस्त्रीकाका रंगाकडे बघतच नाहीत. सीटपोस्टची उंची कळावी म्हणून आधी चिकटपट्टी गुंडाळतात, मग बोल्ट ढिला करून पोस्ट पिळत बाहेर काढतात. करकर आवाज आला की त्यांच्या कपाळाला आठी. पोस्टवर पांढुरकी भुकटी असते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा अडवते, म्हणून तर पोस्ट कायमची जाम होते. ‘मग कॉस्टिक सोडा घाला की,’ असं एक गिऱ्हाईक म्हणालं. पोलादी फ्रेममधली ॲल्युमिनियमची पोस्ट त्याने विरघळवता येते, पण इथे फ्रेमच ॲल्युमिनियमची. काका नुसते हसले.

नळी काठीला गुंडाळलेल्या फडक्याने पुसून झाली की ते सायकल उलटी करतात. सीटच्या फटीतून, केबलच्या भोकांतून शिरलेलं पाणी खाली बॉटम ब्रॅकेटपाशी साचतं. तिथलं निचऱ्याचं भोक चिखलाने बुजलेलं असतं, ते जुन्या स्पोकने मोकळं करतात. काही फ्रेमना हे भोकच नसतं, आणि हे मला कंपन्यांचं अक्षम्य दुर्लक्ष वाटतं. मग ग्रीस, आतून आणि बाहेरून. पोस्ट कार्बनची असेल तर ग्रीस नाही, तिची खरखरीत पेस्ट वेगळी मिळते.

बाटलीच्या स्टँडचे बोल्ट पोलादी. त्यांच्याभोवती रंगाला फुगवटा दिसला की काका नखाने टोकरतात. पापुद्रा सुटतो, खाली तीच भुकटी.

पण सगळ्यात वाईट पाणी पावसाचं नव्हे, घामाचं. घरात ट्रेनरवर तासतासभर पेडल मारणाऱ्यांचा घाम थेट हँडलवर आणि हेडसेटवर ठिबकतो. घरातली सायकल धुवायचं कुणाच्या मनात येत नाही. अशाच एका सायकलची हँडलटेप सोडायला मालक तयार नव्हता. नवीकोरी आहे, म्हणाला. काकांनी सोडलीच. ब्रेकच्या पकडीखाली धातूला खड्डे पडले होते, एकात नखाचं टोक सहज बसत होतं. ‘पॉलिश करून चालेल?’ मालकाने विचारलं. काकांनी हॅकसॉ घेतला आणि भंगारातून उचलून कुणी पुन्हा बसवू नये म्हणून हँडलचे दोन तुकडे केले.