शिळेवरचं पंचांग

मराठीतलं पहिलं छापील पंचांग १८४१ साली मुंबईत निघालं, आणि तेही शिळाछापावर. छापणारे गणपत कृष्णाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता ही विद्या शिकले होते. तंत्र जर्मन भूमीतलं, आलोइस झेनेफेल्डरचं, १७९६ च्या सुमाराचं. चुनखडीच्या घोटीव शिळेवर तेलकट शाईनं उलटी अक्षरं काढायची, शिळा ओली करायची आणि वर शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, अक्षरांवर बसते. त्यावर कागद दाबला की छाप सुलटा उमटतो.

देवनागरीला हे फारच सोयीचं. काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं यांचे शेकडो खिळे पाडण्याचा खर्च वाचायचा आणि लेखनिकाचं वळण जसंच्या तसं कागदावर यायचं. अडचण होती ती सोवळ्याची! शाईत चरबी असते म्हणून छापील पोथी विटाळाची मानली जाई. त्यावर गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई काढल्याचं सांगतात. धर्मशंकेवर याहून चोख धंदेवाईक उत्तर शोधून सापडायचं नाही.

पुढे त्यांनीही खिळे पाडलेच. खिळाछापातला खरा देखणेपणा मात्र जावजी दादाजींचा. त्यांचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा.