रात्री अडीचचा 'ऑल इन'

पोकर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? टक्सिडो घातलेला डॅनियल क्रेग! २००६च्या 'कॅसिनो रोयाल'ने ही इमेज आपल्या डोक्यात अगदी फिट्ट बसवली. मूळ कादंबरीत बॉण्ड बॅकारा खेळतो. सिनेमावाल्यांनी त्याला टेक्सास होल्डेम खेळायला बसवलं, कारण तोवर सगळं जग तेच खेळत होतं. आमच्याकडे मात्र शनिवारी रात्री साडेदहाला जे जमतात, त्यातला एक बर्म्युडात असतो, दुसऱ्याच्या अंगात ऑफिसच्या मॅरेथॉनचा टी-शर्ट असतो आणि तिसरा आईने दिलेला थालीपिठांचा डबा घेऊन येतो. डायनिंग टेबलवर जुनी सोलापुरी चादर. स्टाइल म्हणून नाही हं! चिप्स नुसत्या सनमायकावर आपटल्या की रात्री दीडला खालच्या आजोबांचा इंटरकॉम वाजतो.

ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या माझ्या टू बीएचकेमध्ये गेली चार वर्षं हा प्रकार चालू आहे. आम्ही सहा जण. चार मुलगे, दोन मुली. घर माझं, त्यामुळे नियमही माझे. वेफर्स आणि चिवड्याला टेबलवर बंदी (तेलकट बोटं आणि पत्ते यांचं जमत नाही), सिगरेट गॅलरीत, आणि ज्याचा डाव संपला त्याने चहा टाकायचा.

पत्ते आपल्याला नवे नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत पाच-तीन-दोन, बदाम सात आणि मेंढीकोट खेळूनच आपण मोठे झालो. नवे आहेत ते पैसे. आणि नवी आहे ती एक सवय, हातातले पत्ते बघून निमूटपणे टाकून देण्याची. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, मध्ये पाच उघडतात, आणि या सातांतून उत्तम पाच जमवायचे. एक्क्यांची जोडी हातात येण्याची शक्यता २२१ वेळा वाटल्यावर एकदा. घरच्या टेबलवर तासाला पंचवीसएक डाव होतात. म्हणजे पूर्ण रात्र जागूनही बऱ्याच शनिवारी ती जोडी दिसतसुद्धा नाही. या खेळातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द 'ऑल इन' नाही, 'फोल्ड' आहे.

तीन पत्ती खेळून आलेला माणूस पहिल्याच रात्री भांडतो. "सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा!" तीन पत्तीत बरोबर, पोकरमध्ये उलटं. आमच्यातल्या सीएने एकदा पेपर नॅपकिनवर हिशेबच मांडून दाखवला. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पत्त्यांचे हात होतात २५,९८,९६०. तिथे सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. जे दुर्मिळ ते मोठं, साधा न्याय. गंमत म्हणजे तीन पत्तीत ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८, तरी ट्रेलच मोठी. गणितापुढे परंपरेने 'कॉल' म्हटलं आणि जिंकलीसुद्धा!

मुलगी म्हणून टेबलवर बसण्याचा एक फायदा मी सांगते. पहिलं वर्षभर मुलांची ठाम समजूत होती की मुली ब्लफ करत नाहीत. मी रेज केलं की "अगं, तुझ्याकडे खरंच काहीतरी असणार" म्हणून सगळे पत्ते टाकायचे. माझा मिक्सर त्या समजुतीच्या पैशातून आलाय.

तेव्हा बाय-इन दोनशेचा होता. जिंकलं तर पिझ्झा, हरलं तर पिझ्झ्याचे पैसे. मग आमच्यात डेव्ह आला. (हे नाव नाही, डेव्हलपर आहे म्हणून.) डेव्ह मोबाइलवर वाढलेला खेळाडू. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ऑनलाइन पात्रता फेरीतून लास व्हेगासला गेला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन आला. आडनावासकट सगळं खरं आहे! त्या दिवसापासून जगभरच्या नोकरदारांना वाटायला लागलं, की आपणही. डेव्हलाही वाटायचं. लोकलमध्ये उभ्याउभ्या तो दोन-दोन टेबलं खेळायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैसे लावून खेळायची ॲप्स बंद झाली आणि डेव्हचा सगळा जोर आमच्या सोलापुरी चादरीवर आला. "दोनशेत काय मजा आहे यार?" दोनशेचे पाचशे झाले, पाचशेचे दोन हजार. कोणी ठराव केला नाही. महागाई वाढते तसं ते वाढत गेलं.

"हे लीगल आहे का गं?" हा प्रश्न नवा माणूस विचारतोच. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा. जागेचा मालक खेळातून स्वतःचा फायदा काढतो का, हा त्यातला एक मोठा मुद्दा. म्हणून आमच्याकडे पॉटमधून एक रुपयाही घराला निघत नाही, थालीपिठंसुद्धा फुकट. सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवलं. माझ्या मते दोन्ही त्याच टेबलवर असतं. साडेदहाला कौशल्य असतं, अडीचला जुगार.

अडीचच्या सुमाराचीच गोष्ट आहे. दिवाळीनंतरचा शनिवार. डेव्हचे तीन बाय-इन गेलेले, चौथा समोर. त्याच्या हातात बदामाचा एक्का आणि दश्शी. मध्ये उघडले बदामाचा राजा, बदामाची तिर्री आणि किलवरची अठ्ठी. अजून एक बदाम आला की कलर. डेव्हने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. समोर आमची डॉक्टर. तिने शांतपणे दोन अठ्ठ्या उलट्या केल्या. एकूण तीन. अशा वेळी कलरवाला चारांत एकदा जिंकतो. उरलेल्या दोन पत्त्यांत बदाम आला नाही.

त्याला वाईट खेळला असं मी म्हणणार नाही. तिच्याकडे अठ्ठ्या आहेत हे त्याला कुठून कळणार? पण हरल्यावर तो सीएला म्हणाला, "लिही रे अजून दोन हजार."

सीएकडे आमची वही असते. त्याने पेन उघडलं, मग थांबला. "एक तारखेला देतोस ना?"

डेव्ह हसला. "एक तारीख राहिलीच नाही रे. सप्टेंबरपासून."

चिप्सचा आवाज बंद झाला. कंपनीने त्याची अख्खी टीम काढली होती. घरी सांगितलेलं नव्हतं. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन तो निघायचा आणि लायब्ररीत, मॉलमध्ये, मिळेल तिथे बसून अर्ज करायचा. आणि शनिवारी आमच्याकडे यायचा. मजा म्हणून नाही, तर आठवड्याचा खर्च काढायला. आम्हाला वाटत होतं तो धाडसी खेळतोय.

सीएने वही मिटली. मी कांदे चिरायला घेतले, कारण पहाटे तीनला दुसरं काय करणार? पोहे होईपर्यंत वाद. डॉक्टरने आठातले पाच हजार जिंकले होते, ती लगेच फोन काढून परत पाठवायला लागली. डेव्ह चिडला. "मी जिंकलो असतो तर तू परत मागितले असतेस?" प्रश्न अगदी बरोबर होता. पैसे गेले नाहीत. पण ते आठ हजार त्या रात्री कुणाच्याच खिशात नीट बसले नाहीत.

त्यानंतर वही गेली. आता आल्याआल्या पाचशे रुपये बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात रोख टाकायचे. संपले तर फार तर अजून एकदा. उधारी नाही, यूपीआय नाही. रात्री एकला अलार्म, मग शेवटची फेरी.

हे सगळ्यांना पटलं असं नाही. आमच्यातला एक जण पवईच्या मोठ्या गेमकडे गेला. त्याचं म्हणणं, पाचशेत ब्लफला कोण घाबरणार? पटो न पटो, मुद्दा खरा आहे. आता दुर्री-सत्तीवरसुद्धा लोक "बघूया तरी" म्हणून कॉल करतात. माझ्या ब्लफची किंमत पार उतरलीये.

डेव्ह तीन शनिवार आला नाही. फोन उचलायचा, "बघतो" म्हणायचा. चौथ्या शनिवारी आला, पण खेळला नाही, नुसते पत्ते पिसून वाटत बसला. छान वाटतो, मनापासून. चहाच्या वेळी मी किचनमध्ये त्याला विचारलं, "घरी सांगितलंस?"

"सांगितलं. बायको म्हणाली, नोकरीचं नंतर बोलू, आधी पत्त्यांत किती घालवलेस ते सांग."

"मग?"

"आकडा सांगितला. दोन दिवस बोलली नाही. आता म्हणते, पुढच्या शनिवारी मीच येते, बघते काय खेळता ते. मेंढीकोटमध्ये तिला आख्ख्या वाड्यात कोणी हरवलेलं नाही."

पवईवाल्याची खुर्ची रिकामीच होती. मी ती पुसून ठेवलीये.